काचेखालचा पंख

४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार, खुशाली, सगळं शेवटी. डोकं तापलंय, आणि तापलेलं आहे तोवरच लिहून टाकतो.

तू जिथे दिवसभर वाऱ्याच्या बोगद्यात गाड्यांवर वारा सोडत बसतेस, तिथल्या कागदावर मला एवढंच लिहून पाठव: 'लहान गाडीला मागे स्पॉयलर लावला तर उपयोग होतो.' खाली सही. जमलं तर शिक्का.

झालं असं. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या गॅरेजात एक छोटी पांढरी गाडी आली. टेम्पोनं रिव्हर्स घेताना डिकीच्या दाराला पोचा पाडलेला. गाडीची मालकीण डोळे तपासते. रोज सकाळी वेगळ्या बाजारात, वेगळ्या चौकात गाडी लावायची, लोकांचे नंबर काढायचे, चष्मे करून द्यायचे. आम्ही तिला चष्मेवाली म्हणतो. तोंडावर नाही. उस्तादांनी काम माझ्याकडे दिलं. पत्रा बाहेर काढ, पुट्टी भर, घास, रंग मार, सोड. चार दिवसांचं काम. मी सहा दिवस घेतले, कारण मी त्या गाडीला पंख केला. स्वतःच्या हातानं! फायबरचा, आत लोखंडी पट्टीचा सांगाडा, म्हणजे जन्मभर हलायला नको. लोक लावतात तसली छताच्या कडेची टोपीसारखी पट्टी नव्हे. काचेखाली, दाराच्या मधोमध, दोन पायांवर उभा. रंग असा मारलाय की जोड शोधून दाखव. तिनं सांगितलं नव्हतं, खरंय. पण सांगितलेलं काम काय, गाढवही करतं.

ती गाडी न्यायला आली. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हे काय आहे?"

"स्पॉयलर."

"ते दिसतंय. कशासाठी?"

मी म्हटलं, "वेगात गाडी रस्त्याला चिकटून राहते."

"माझी गाडी चाळीसच्या वर जात नाही," ती म्हणाली. "आणि चिकटायला ती काय जळू आहे?"

उस्ताद हसले. ताई, उस्ताद! दोन वर्षांत ज्यांचे दात कसे आहेत ते मला माहीत नव्हतं, ते हसले. माझ्या कानाच्या पाळ्या पेटल्या. मी म्हटलं, माझी बहीण या विषयातली जाणकार आहे, लेखी आणून देतो. ती म्हणाली, "आणा. तोवर राहू दे." आणि पंखासकट गेली. पंधरवड्यानं पॉलिश करून घ्यायला येणार आहे. तोवर तुझा कागद हातात पाहिजे.

फोन का करत नाहीस, असं विचारू नकोस. बाबांशी बोलता बोलता तो ऑइलच्या पिंपात गेला. पडला नाही. गेला.

जेवतेस ना वेळेवर?

तुझा भडक्या

*

११ नोव्हेंबर

भडक्यास आशीर्वाद आणि एक टपली,

शिक्का मिळणार नाही. सहीही जपूनच करते, कारण तू ती कुठे लावशील याचा भरवसा नाही.

तिसऱ्या वर्षी प्राध्यापकांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून तू कॉलेजातून निघून आलास, तेव्हा वाऱ्यापाण्याच्या गतीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. तो दिला असतास तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. असो. आता नीट वाच.

छताच्या मागच्या कडेला पट्टी असेल तर तिचा उपयोग होतो. छोट्या गाडीवरून वारा छताला धरून येतो आणि त्या कडेला गाडी सोडतो. पट्टीमुळे तो जरा स्वच्छ सुटतो, गाडीला मागे ओढणारा जोर थोडा कमी होतो, मागच्या काचेवर धूळही थोडी कमी बसते. थोडी. तीही हमरस्त्यावर, वेगात. चाळीसच्या वेगाला पट्टीला कळतसुद्धा नाही की वारा येऊन गेला.

पण तुझा पंख काचेखाली आहे. तिथे सरळ वारा पोचतच नाही रे. आम्ही गाडीला लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवून बघतो. छतावरचे तुकडे शाळेतल्या रांगेसारखे ताठ मागे, आणि काचेवरचे येड्यासारखे गरगर. तिथे नुसते भोवरे असतात. तिथे पंख लावणं म्हणजे बंद खोलीत पतंग उडवणं.

आता तू जे लिहिलं नाहीस त्याबद्दल. चार दिवसांचे सहा दिवस केलेस. जन्मभर हलू नये म्हणून आत लोखंड घातलंस. जोड दिसत नाही. दारावर स्क्रूनं आवळलेलं प्रेमपत्रच की हे! तू तिच्यावर भाळलायस. कबूल कर. मला कळायला वारा सोडावा लागत नाही.

फक्त एक सांग. त्या दाराचं ती दिवसभर काय करते, हे विचारलंस का? मागचा भाग प्रत्येकाच्या वेगळ्या कामाचा असतो.

बाबा तुझी चौकशी करत नाहीत, पण माझा फोन आला की लवकर ठेवतही नाहीत.

ताई

*

२० नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र देवासारखं धावून आलं. म्हणजे त्यातला पहिला भाग.

ती काल आली. पॉलिशचं फडकं खांद्यावर टाकून मी तुझं पत्र काढलं आणि खणखणीत वाचलं: "पट्टी असेल तर तिचा उपयोग होतो. गाडीला मागे ओढणारा जोर थोडा कमी होतो, मागच्या काचेवर धूळही थोडी कमी बसते." मग पत्राची घडी घातली. छताचं वगैरे वाचताना माझा आवाज जरा बसला, त्याला मी काय करू?

उस्ताद कारच्या खालून म्हणाले, "एवढंच लिहिलंय? कागद तर दोन्ही बाजूंनी भरलेला दिसतोय." मी म्हटलं, बाकी घरचं आहे.

ती म्हणाली, "मग राहू दे. मेहनत दिसतेय." ताई, बाबांच्या तोंडून हा शब्द एकदा ऐकला असता तर मी कॉलेजात पहिल्या बाकावर बसलो असतो. मग तिनं विचारलं, "तुम्हीही इंजिनिअर का?" मी म्हटलं, "बहिणीबरोबरच शिकलो." यात खोटं काय आहे? एकाच टेबलावर एकाच दिव्याखाली अभ्यास केलाय आपण. तू केलास, मी शेजारी होतो.

आणि हो, भाळलोय. झालं समाधान? ती बोलताना सरळ डोळ्यांत बघते. तिचा धंदाच तो, हे मला कळतं. पण बघते तेव्हा आपला पाना हातातून सुटतो त्याचं काय?

दाराचं काय करणार? दार असतं तशी उघडझाप करत असेल.

तुझा भडक्या

*

२८ नोव्हेंबर

भडक्या,

माझं पत्र अर्धं वाचून दाखवलंस. सहा दिवस घासून तयार केलेल्या गाडीचं अर्धंच दार कुणी रंगवून दिलं तर तू त्याच्या अंगावर धावून जाशील. मी लांब आहे म्हणून वाचलास.

तुला वाटेल, ताईला नुसतं चूक काढायला आवडतं. तसं नाही. मी परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडच्या गाडीच्या नमुन्याला, काचेखाली, पुठ्ठ्याचा पंख लावला. तुझ्या वर्णनाप्रमाणे, दोन पायांवर. लोकर चिकटवली. वारा सोडला. मनातून फार वाटत होतं की एखादा तरी तुकडा सरळ उभा राहील आणि मी तुला तार करीन. एकही राहिला नाही. सगळे आपले गिरक्या घेत होते. शेजारचा सहकारी म्हणाला, "हा कुणाचा शोध?" मी म्हटलं, "आमच्या घरचा." आणि पुठ्ठा काढताना उगाच वाईट वाटलं.

तर, एक: तिला उरलेलं पत्र वाचून दाखव. तिनं हाकललं तर हाकलू दे. दोन: तो पंख किती किलोचा झालाय? लोखंड म्हणालास म्हणून विचारते.

ताई

*

९ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

कृपया पुढील माहिती कळवावी. एका ग्राहकासाठी हवी आहे. डिकीचं दार वर उचलून धरणारे गॅसचे दोन दांडे असतात, आम्ही त्यांना शॉकर म्हणतो. ते थंडीत कमी जोर लावतात का? दारावर सुमारे सहा किलो जास्तीचं वजन असेल, तर दुपारी गॅरेजात व्यवस्थित वर राहणारं दार भल्या सकाळी खाली येऊ शकतं का? शॉकर जुने आहेत असं समजावं.

इकडे सर्व ठीक. थंडी फार आहे.

आपला नम्र

*

१३ डिसेंबर

भडक्या,

'कृपया'? 'आपला नम्र'? कुणाच्या डोक्यात पडलं?

उत्तर: हो. थंडीत आतल्या गॅसचा दाब उतरतो. शॉकर कंपनीनं केलेल्या दाराच्या वजनाला बेतलेले असतात, तुझ्या सांगाड्याला नव्हे. त्यातून पंख बिजागरीपासून हातभर लांब, म्हणजे सहा किलो आणखीच जड. दुपारच्या उन्हात तू दहा वेळा दार उघडून बघितलं असशील आणि खूश झाला असशील. सकाळी सातला कोण बघायला गेलं होतं?

लगेच लिही. मी रागावणार नाही. रागावले तरी पत्र तुला मिळेपर्यंत निवलेली असेन.

ताई

*

१७ डिसेंबर

ताई,

सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिता येणार नाही, म्हणून एका दमात.

सहा तारखेला भल्या सकाळी मी बाजारात गेलो. निमित्त काही नव्हतं. पंख तिच्या गाडीवर, चार लोकांत, कसा दिसतो ते बघायचं होतं. तिलाही. ती गाडी कामावर असताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

ते दार म्हणजे तिचं दुकान आहे, ताई. दार वर उघडायचं, झालं छप्पर. त्याच्या कडेला अक्षरांचा तक्ता टांगलेला. समोर लांबवर स्टुलावर माणूस बसतो आणि अक्षरं वाचतो. डिकीत मखमलीच्या पेटीत भिंगं, शेजारी फ्रेमा मांडलेल्या. तपासून झालं की माणूस उठून डिकीपाशी येतो, वाकतो आणि फ्रेम निवडतो. दिवसभर त्या दाराखाली माणसं वाकतात. तू विचारलं होतंस, दाराचं काय करते. मी लिहिलं, उघडझाप.

एक म्हातारे शिंपीकाका वाकले होते. त्यांना सोनेरी काड्यांची फ्रेम पाहिजे होती. दार आधी हळू आलं, म्हणजे मला वाटलं माझ्याच डोळ्यांत काहीतरी गेलं, आणि मग एकदम. तिनं मध्ये हात घातला. मनगटावर घेतलं तिनं दार. काकांच्या टाळूला नुसता चाटून गेलं, टेंगूळ आलं. भिंगांची पेटी रस्त्यावर. काका टाळू चोळत म्हणाले, "चष्म्याचा नंबर काढायला आलो, तर वरच नंबर लागला असता की!" रांगेतले सगळे हसले. ती नाही हसली.

मी धावत जाऊन दार उचललं आणि धरून उभा राहिलो. तिला म्हटलं, दवाखान्यात चला. ती म्हणाली, "नऊ माणसं बसलीत. काम बुडवून आलीत." रुमाल मनगटाला गुंडाळला आणि एका हातानं नऊच्या नऊ जणांचे डोळे तपासले. दोन तास. मी दार धरून. काकांनी मला विचारलं, "तू यांचा माणूस का?" मी नुसतं दार आणखी वर धरलं.

सगळे गेल्यावर तिनं रस्त्यावरची भिंगं एकेक उचलून उजेडात धरली. अकरांवर चरे निघाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या बहिणीच्या पत्रात पुढे काय लिहिलं होतं?"

"काही नाही. घरचं."

"मग दाखवा."

"आणतो."

"पूर्ण आणा," ती म्हणाली. "दार पडलं याचा मला राग नाही. वस्तू पडतात. पण तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही वाचलं नाही असं असेल, तर मला ते कळलं पाहिजे. आणणार नसाल तर पुन्हा इकडे येऊ नका."

पंख मी तिथेच उतरवला. चार भोकं राहिलीत दारात. मनगट मोडलेलं नाही, मुरगळलंय, असं उस्तादांकडून कळलं.

आता माझी गोची बघ. ते पत्र मी तिला कसं देऊ? त्यात कॉलेज सोडल्याचं आहे. ओळखपत्र आपटल्याचं आहे. बंद खोलीतला पतंग आहे. आणि 'भाळलायस, कबूल कर' आहे! दार तिच्या हातावर टाकून वर हे तिच्या हातात द्यायचं? ताई, एवढं कर. तेच पत्र पुन्हा लिही. पंखाचं सगळं ठेव, माझी चूक ठळक कर हवी तर, फक्त कॉलेज आणि ती ओळ गाळ. तारीख जुनीच घाल. तुझं अक्षर कुणाला बदललेलं कळणार नाही. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. बरं, मागितलंय. पण हे शेवटचं.

अकरा दिवस झाले. गॅरेजात हात चालत नाही. उस्ताद म्हणतात, भांडण तरी कर कुणाशी, बरं वाटेल.

भडक्या

*

२२ डिसेंबर

माझ्या भडक्या,

रागावले होते, निवले, आता लिहिते.

पुन्हा लिहिणार नाही. पोचे भरून जोड लपवणं हे तुझं काम आहे. मला ते येत नाही, आणि माणसांच्या बाबतीत तुलाही येत नाही, म्हणून तर ही वेळ आली.

त्या पत्रात तुझ्याबद्दल जे आहे ते सगळं खरं आहे. लाज वाटण्यासारखं त्यातलं किती, ते तिला ठरवू दे. कॉलेज सोडलं म्हणून तुला नाकारणारी असेल तर आजच कळेल. अर्धं वाचलंस म्हणून नाकारणार असेल, तर तो तिचा हक्क आहे आणि तुला मान खाली घालून परत यावं लागेल. आलास तर माझ्याकडे ये. खोली लहान आहे, पण गादी दुसरी आहे.

दोन तास दार धरून उभा राहिलास आणि तोंड उघडलं नाहीस, हे वाचून मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "दोन तास? तो?"

शॉकर नवे बसव. मूळ दाराच्या वजनाचेच. आणि सकाळी सातला, थंडीत, उघडून बघ.

ताई

*

१४ जानेवारी

ताईंना नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. पण तुमचं एक पत्र मी पूर्ण वाचलं आहे, त्यामुळे माझ्या बाजूनं थोडी झाली आहे. पत्ता त्याच पत्रावरून घेतला. मी डोळे तपासते; गॅरेजात मला काय म्हणतात, तेही ठाऊक आहे. बाकी तुम्हाला माहीतच आहे.

तुमचा भाऊ तीस तारखेला आला. पुढे घुसला नाही, रांगेत बसला. सातवा. त्याची पाळी आल्यावर स्टुलावर बसला आणि खिशातून पत्र काढून माझ्यापुढे धरलं. "पूर्ण आहे," एवढंच म्हणाला. मागे तीन माणसं थांबली होती. नुसतं पत्र वाचत बसले असते तर लोक म्हणाले असते, ही काम सोडून काय करतेय. म्हणून मी त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम ठेवली आणि दोन्ही बाजूंना माझ्याकडची सगळ्यात जाड भिंगं घातली. त्यातून समोरचं माणूस आहे की खांब, एवढंही कळत नाही. मग निवांत वाचलं.

बरं झालं ती भिंगं होती. बंद खोलीतल्या पतंगाला मला हसू आवरेना, आणि तो तर फाशीच्या कैद्यासारखा ताठ बसलेला.

"वाचलं?" त्यानं विचारलं.

"अजून आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग मी विचारलं, "कॉलेज?"

"तिसऱ्या वर्षी सोडलं. इंजिनिअर नाही. तुम्हाला तसं वाटू दिलं, ती माझी चूक. अर्धं वाचलं, तीही."

मी एका ओळीवर बोट ठेवून कागद त्याच्यासमोर धरला. म्हटलं, "आणि हे?"

"दिसत नाही."

"वाचा."

खरंच दिसत नव्हतं त्याला, ताई, त्या भिंगांतून कुणालाच दिसलं नसतं. पण तो म्हणाला, "पाठ आहे. तेही खरं आहे." मागे थांबलेले शिंपीकाका ओरडले, "अहो बाई, एवढा वेळ लागतोय, पोराला मोतीबिंदू वगैरे आहे का?"

मी त्याला उत्तर दिलेलं नाही. मला घाई आवडत नाही. एका डोळ्याला तीन-तीन भिंगं लावून बघितल्याशिवाय मी नंबर लिहीत नाही. पण पत्र परत दिलं नाही, ते माझ्या पेटीत आहे. ते तुमचं की त्याचं, आणि ठेवलं तर चालेल ना, हे विचारायलाच खरं तर लिहायला बसले.

माझं मनगट बरं आहे. पंख काढला तरी जुने शॉकर थकलेलेच होते, आणि नवे यायला आठवडा लागला. तो आठवडाभर रोज सातला यायचा आणि नऊपर्यंत हातानं दार धरून उभा राहायचा, मग गॅरेजात जायचा. रांगेतल्या लोकांशी दोनदा भांडला, एकदा माझ्या बाजूनं, एकदा उगाच. आता शॉकर बसवून आठ दिवस झाले. त्यानंच बसवले, चार भोकंही बुजवली, कुठे होती ते मला सापडत नाही. दार आता नीट वर राहतं. वजन टांगून बघितलं तरी हलत नाही.

तरी तो रोज सकाळी दाराला हात लावून उभा असतोच. काल मी म्हटलं, "आता हात काढा. राहतंय ते."

तो म्हणाला, "थंडी आहे अजून. थंडीत यांचा भरवसा नाही."

मी पुढच्या माणसाला स्टुलावर बसवलं. थंडी संपायला अजून सहा आठवडे आहेत.

तुमच्या भावाची
चष्मेवाली